कांताबाईची कॅल्शियमची गोळी

कांताबाई गजभिये नर्स होती, आणि साधीसुधी नाही, लोक जिला दबकून असत अशी नर्स होती. सावनेर तालुक्यातल्या उपकेंद्रांवर तिनं एकतीस वर्षं काढली. त्या भागात आज जी पोरं मोटारसायकली उडवत फिरतात, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या डाव्या दंडावरचा बीसीजीचा वण तिच्या हातचा आहे. ती लस टोचली की महिना-दीड महिन्यानं तिथं बारीक गळू येतं, फुटतं, आणि पहिलटकरीण आई लेकराला पोटाशी धरून रडत येते. कांताबाई तिला दारातूनच परत पाठवायची. हळद लावायची नाही, मलम चोपडायचं नाही, शेकायचं नाही. गळू आलं म्हणजे लस लागली, पोराचं अंग कामाले लागलं, त्याले दाबशील त सारं वाया जाईल, असं ठणकावून सांगायची. एका आजीबाईनं गुपचूप चुलीची राख लावली, तर हिनं तिला अंगणवाडीत चार बायांसमोर अशी झापली की म्हातारी पुढं महिनाभर तिच्या वाटेला गेली नाही.

आणखी एक काम तिनं केलं होतं आणि त्याचा तिला फार अभिमान होता. खाणीच्या वस्तीजवळ एक झोलाछाप, म्हणजे बिनडिग्रीचा, डॉक्टर बसायचा. कंबर दुखो, गुडघा दुखो, दम लागो, सगळ्या मजुरांना त्याच्याकडं एकच बारकी पांढरी गोळी. माणूस दोन दिवसांत टणटणीत होऊन कामावर जायचा आणि वर्षभरात तोंड सुजून, हाडं भुसभुशीत होऊन यायचा. गोळी स्टेरॉईडची होती. कांताबाईनं तालुक्याला अर्ज दिला, मागं लागली, धमक्या पचवल्या आणि त्याच्या दुकानाला कुलूप लावूनच थांबली. अर्जात तिनं लिहिलं होतं, हा इसम गरिबाच्या विश्वासाचा धंदा करतो.

आता अशा बाईनं स्वतःच्या घरात काय करून ठेवलं ते ऐका.

नवरा बळीराम कोळशाच्या खाणीत होता. जन्मभर वाकून काम आणि जन्मभर बिडी. निवृत्त झाला तेव्हा बिडी सुटली, पण गुडघे खाणीतच राहिले म्हणा. दोघांनी नागपुरात नारी रोडला दोन खोल्यांचं घर बांधलं. पोरगी पिंकी शिकली, मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला लागली. बळीरामला आता वर्षाकाठी एकच मोठं काम उरलं होतं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला त्याच्या मंडळाचा भोजनदानाचा मंडप लागतो, त्यात भाताचा झारा त्याच्या हातात असायचा. तीन दिवस, सकाळपासून. कुठून कुठून लोक येतात, बायामाणसं डोक्यावर गाठोडं घेऊन चालत येतात, त्यांच्या पानात गरम भात पडला पाहिजे, हे त्याचं म्हणणं. भात थंड झाला तर तो मंडळाच्या अध्यक्षालाही ऐकवायचा.

चार वर्षांपूर्वी ऐन त्या आठवड्यात त्याचे दोन्ही गुडघे नारळाएवढे सुजले. खाटेवरून पाय खाली टेकेना. मंडळाचे मधुकरराव म्हणाले, बळीरामभाऊ, औंदा तुम्ही खुर्चीवर बसून पाहा, झारा दुसरा कोणी धरेल. बळीराम हो म्हणाला आणि भिंतीकडं तोंड करून पडला. दोन दिवस नीट जेवला नाही. पन्नास माणसांसमोर हसणारा गडी, त्याला तसं पडलेलं कांताबाईला बघवेना. ती उठली, कोपऱ्यावरच्या मेडिकलवर गेली. तिथं तिला सगळे सिस्टर म्हणत, चिठ्ठी कोण मागणार? त्याच स्टेरॉईडची, दहा मिलिग्रॅमची पट्टी घेऊन आली. तीनच दिवस द्यायची, मग बंद, असं तिनं स्वतःशी ठरवलं. बळीरामला सांगितलं, कॅल्शियमची आहे.

बळीराम तीन दिवस मंडपात उभा राहिला. चौथ्या दिवशी सकाळी उठून तो आपणहून भाजी घेऊन आला. पाचव्या दिवशी गच्चीवर चढला. सहाव्या दिवशी पहाटे चालायला गेला आणि येऊन म्हणाला, कांता, मले त वाटते पंधरा वर्षं उतरली अंगावरून. आता त्या माणसाच्या हातून गोळी कशी काढून घ्यायची? तिनं आणखी एक पट्टी आणली. मग कॅल्शियमच्या रिकाम्या डबीत त्या गोळ्या भरून ठेवू लागली, रोज सकाळी चहाबरोबर एक. एवढीशी गोळी, मी आहे ना लक्ष ठेवायला, असं ती मनाला समजावत राहिली. चार वर्षं झाली. त्या झोलाछाप डॉक्टरची आठवण आली की ती दुसरं काहीतरी काम काढायची.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी बळीराम संडासातून बाहेर आला आणि म्हणाला, लघवी लाल होऊन राहिली, दुखत मात्र काही नाही. दुसरी कोणी असती तर उन्हाळी लागली म्हणून धन्याचं पाणी पाजत बसली असती. कांताबाईनं तसं केलं नाही. न दुखता रक्त जाणं वाईट, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्याच दुपारी त्याला घेऊन ती दवाखान्यात हजर झाली. सोनोग्राफीत मूत्राशयात गाठ दिसली. दुर्बिणीतून ती खरवडून काढली, तपासली, कॅन्सर निघाला. नशीब एवढंच की भिंतीत खोल शिरला नव्हता. पण जातीचा रागीट होता, परत परत उगवणारा. गल्लीत कांताबाईचं नाव झालं. शेजारची तारा सगळ्यांना सांगत सुटली की नर्स बायको असावी त अशी, एका दिवसात पकडला.

कॅन्सरच्या दवाखान्यात डॉक्टर वेदिका होत्या, पस्तिशीच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी सांगितलं की आता परत उगवू नये म्हणून आठवड्यातून एकदा, असे सहा वेळा, मूत्राशयात बीसीजी सोडायची. कांताबाईला हसू आलं. लेकराची लस बापाच्या मूत्राशयात. डॉक्टर म्हणाल्या, तीच, काकू, फक्त भरपूर. मग नेहमीचे प्रश्न सुरू झाले. टीबी झाला होता का, साखर आहे का, आणखी कोणती औषधं चालू आहेत.

इथं ती चुकली. गोळी देणं ही पहिली चूक, पण माणसाच्या मायेपोटी झालेली म्हणता येईल. ही दुसरी मात्र डोळे उघडे ठेवून केलेली. स्टेरॉईड चालू असलेल्या लेकराला जिवंत जंतूंची लस द्यायची नाही, हे तिनं एकतीस वर्षं पाठ म्हणून दाखवलं होतं. तो नियम त्या क्षणी तिच्या डोक्यात लख्ख उभा राहिला. पण बाजूला बळीराम होता, पिंकी होती, आणि डॉक्टरीणबाई तिच्याकडं आपल्या बरोबरीच्या माणसाकडं पाहावं तशा पाहत होत्या. ती म्हणाली, बीपीची गोळी, बस. बीपीच्या गोळीचं नाव सांगितलं, डोससुद्धा सांगितला. डॉक्टरांनी लिहून घेतलं.

मग सहा मंगळवार. नळीतून औषध आत सोडायचं, दोन तास लघवी रोखायची, अधूनमधून कूस बदलायची. लघवीतून लसीचे जिवंत जंतू जातात म्हणून घरी आल्यावर संडासात ब्लीचिंग टाकायचं काम कांताबाईनं कोणाला करू दिलं नाही. त्या कॉरिडॉरमध्ये बसलेले इतर लोक कण्हत असायचे. कोणाला ताप, कोणाला थंडी वाजून यायची, कोणाला लघवीला जाताना डोळ्यांत पाणी. बळीरामला काही नाही. दोन तास झाले की तो उठायचा आणि वाटेत तर्री-पोहे खाऊन घरी यायचा. कन्हानवरून आलेल्या एका बाईचा नवरा तापानं फणफणला होता, तिला कांताबाई म्हणाली, आमच्यांले त काहीच होत नाही, अंगच तसं आहे त्यांचं, खाणीतलं. हे बोलताना तिला बरं वाटलं होतं, ही गोष्ट पुढं तिला सगळ्यात जास्त टोचली.

तीन महिन्यांनी परत दुर्बीण घातली. मूत्राशयाच्या भिंतीवर लाल पसरट चट्टा होता. तुकडा काढून तपासला. कॅन्सर गेला नव्हता.

डॉक्टर वेदिकांनी तिघांना बसवून घेतलं आणि कागदावर काढून दाखवलं. गाठ कधी एकटी नसते, त्या म्हणाल्या. तिच्या आजूबाजूला आपल्याच रक्तातल्या राखणदार पेशी जमलेल्या असतात. काही तिला मारायला आलेल्या असतात. पण गाठ लबाड, ती त्यांतल्या काहींना फितवते. मग त्याच पेशी तिला नवा रक्तपुरवठा करून देतात, आणि मारायला येणाऱ्या दुसऱ्या पेशींना अडवून धरतात. कुंपणच शेत खातं, तसं. बीसीजी स्वतः गाठीला मारत नाही. ती आत जाऊन सूज आणते, आणि त्या सुजेपाठोपाठ नव्या पेशी झुंडीनं येतात, त्या खऱ्या मारतात.

"काकू, तुम्हाला तर हे मी सांगायला नको," डॉक्टर म्हणाल्या. "पोरांच्या दंडावर गळू यायचं ना, तेच मला काकांच्या आत हवं होतं. ताप यायला हवा होता, जळजळ व्हायला हवी होती. तपासणीच्या काचेवर पाहिलं तर मारणाऱ्या पेशी आल्याच नाहीत. ज्या आहेत त्या बहुतेक फितुरांतल्या."

एकतीस वर्षं ज्या गळवाला हात लावू दिला नाही, ते गळू कांताबाईनं रोज सकाळी चहाबरोबर दाबलं होतं. बळीरामनं विचारलं, मग माझ्याच अंगात काहून नाही आल्या त्या? डॉक्टर म्हणाल्या, काही शरीरं साथ देत नाहीत. मग फाईल चाळता चाळता त्यांनी सरळ विचारलं की काकांना दुसरं काही चालू नाही ना, सांध्यांचं, दम्याचं, एखादं स्टेरॉईड?

"नाही," कांताबाई म्हणाली.

"फक्त कॅल्शियम घेतो जी," बळीराम कौतुकानं म्हणाला. "हिच्या हातचं."

डॉक्टर हसल्या, म्हणाल्या, कॅल्शियमनं काही होत नाही. आणि मग त्यांनी पुढचं सांगितलं. दोन वाटा होत्या. एक, बीसीजीची आणखी एक खेप द्यायची. दुसरी, मूत्राशयच काढून टाकायचं आणि पोटावर लघवीची थैली लावायची, कायमची. ज्या शरीरात लस लागतच नाही तिथं दुसरी खेप देऊन वेळ घालवण्यात त्यांना धोका दिसत होता, कारण तोवर कॅन्सर खोल उतरला तर जीवावर बेतेल. त्यांचा कल काढून टाकण्याकडं होता. पुढच्या गुरुवारनंतरच्या गुरुवारी ठरवू, त्या म्हणाल्या. थैली लावून मंडपात उभं राहता येईल का, एवढंच बळीरामनं विचारलं.

म्हणजे आता गोष्ट उघड होती. तोंड उघडलं तर नवऱ्याच्या मूत्राशयाला एक संधी होती. नाही उघडलं तर तिच्या खोटेपणापायी ते कापलं जाणार होतं. हे समजायला नर्स असायची गरज नव्हती. पण कांताबाई त्या दिवशी बोलली नाही, दुसऱ्या दिवशी बोलली नाही, आठवडा गेला तरी बोलली नाही. सकाळी बोलू म्हणायची, सकाळी पिंकीच्या डब्याची घाई असायची. संध्याकाळी बोलू म्हणायची, तर कोणी ना कोणी भेटायला आलेलं असायचं आणि तो सगळ्यांना सांगत असायचा की कांता होती म्हणून वेळेवर सापडलं. खाई त्याला खवखवे म्हणतात. तिला तर भाजीत मीठ जास्त झालं असं कोणी म्हटलं तरी धस्स व्हायचं. एकदा तारा आली आणि म्हणाली, भाऊजींची थे कॅल्शियमची गोळी मलेही आणून देत जा ना वं. कांताबाई तिच्या अंगावर अशी ओरडली की तारा चहा अर्धा टाकून निघून गेली.

बोलणं जमत नव्हतं, म्हणून तिनं चोरटा तिसरा मार्ग काढला. कोणाला न सांगता गोळी निम्मी केली. दहाच्या जागी पाच, एकदम. चार वर्षांची सवय अशी एका दिवसात तोडायची नसते, हळूहळू उतरवायची असते, हेही तिला माहीत होतं. पण गुरुवार जवळ येत होता, आणि तिला वाटलं आपण आतल्या आत निस्तरू. गुरुवारी म्हणू, डॉक्टर, एक खेप अजून देऊनच पाहा. ती लागेल. कोणाला काही कळणार नाही.

तिसऱ्या दिवशी बळीरामचे गुडघे आखडले. चौथ्या दिवशी खांदे, मनगटं, कंबर. जेवण जाईना. तोंड कडू पडलं. तो खाटेच्या काठावर बसायचा आणि उठायला भिंतीचा आधार घ्यायचा. तक्रार एका शब्दाची नाही. उलट कांताबाई जवळ आली की सरळ बसायचा, चेहरा नीट करायचा. ती विचारायची, दुखते का. तो म्हणायचा, नाही वं, बसून बसून अंग आंबलं.

मंगळवारी दुपारी मधुकरराव आले. बळीरामनंच फोन करून बोलावलं होतं. कांताबाई आत मेथी निवडत बसली होती आणि दार उघडं होतं. बळीराम त्यांना झाऱ्याबद्दल सांगत होता. पुढच्या वर्षापासून झारा कोणाकडं द्यायचा, भाताला किती पाणी, वाढताना म्हाताऱ्या बायांना आधी कसं पाहायचं, सगळं एकेक करून. मधुकरराव म्हणाले, असं काहून बोलून राहिले भाऊ, तुम्ही आहा ना. बळीराम म्हणाला, पुढच्या वर्षाचं पाहून ठेवलेलं बरं. मधुकरराव डोळे पुसत पुसत गेले.

कांताबाई मेथीची जुडी हातात घेऊनच बाहेर आली. काय चाललंय हे, तिनं विचारलं. बळीरामनं तिला जवळ बसायला सांगितलं.

"हाडात उतरला तो, कांता," तो म्हणाला. "तीन-चार दिवसांपासून साऱ्या अंगात ठणकून राहिलं. तुले त माझ्याआधी समजलं असन, तू नर्स आहे. म्हणूनच तू आजकाल माझ्या तोंडाकडं पाहत नाहीस. पिंकीले मी सांगतो, तू नको सांगू."

यानंतरही जी बाई गप्प राहील ती बाई म्हणायची नाही. कांताबाई म्हणाली, "हाडात नाही उतरला. मी गोळी कमी केली म्हणून दुखून राहिलं."

"कोणती गोळी?"

"कॅल्शियमची. थे कॅल्शियम नव्हतं."

आणि मग तिनं सगळं सांगितलं. मंडपाच्या वेळची तीन दिवसांची पट्टी, डबी, चार वर्षं, डॉक्टरांनी दोनदा विचारलं आणि ती दोनदा खोटं बोलली ते, त्या पेशी का आल्या नसतील ते. सांगताना ती रडली नाही. रडलं तर तो समजूत काढेल याची तिला भीती होती आणि त्याची समजूत घेण्याचा आपल्याला हक्क नाही असं तिला वाटत होतं. हातातली मेथी मात्र तिनं चुरगळून टाकली.

बळीराम किती तरी वेळ आपल्या गुडघ्यांकडं पाहत राहिला. ती त्याच्या शिव्यांची वाट पाहत होती. मूत्राशयाचं विचारेल, थैलीचं विचारेल, किती दिवस उरले ते विचारेल, या सगळ्याची तिनं तयारी केली होती. त्यानं वेगळंच विचारलं.

"म्हंजे माझे गुडघे बरे झालेच नव्हते?"

"नाही."

चार वर्षं हा माणूस गल्लीत सांगत फिरला होता की पहाटेच्या चालण्यानं गुडघे सुधारतात. खाणीतल्या जुन्या सोबत्यांना फोन करकरून त्यानं चालायला लावलं होतं. त्यातला एकजण दुखऱ्या पायानं चालून चालून पडला, तेव्हा हा त्याला म्हणाला होता, तुझ्यात जिद्दच नाही गा. ते सगळं आता त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तो म्हणाला, त्या झोलाछापचं दुकान तूच बंद केलं होतं ना. ती हो म्हणाली. मग तो भिंत धरून उठला, चपला घातल्या आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसला. ती मागं गेली नाही. त्यानं सांजेपर्यंत आत पाऊल टाकलं नाही आणि आला तेव्हा म्हणाला, गुरुवारी डॉक्टरले तूच सांगशील, माझ्यासमोर, पिंकीसमोर, मी एक शब्द बोलणार नाही.

पिंकीला तिनं त्याच संध्याकाळी सांगितलं. पिंकी आरडाओरडा करेल असं वाटलं होतं. तिनं मोबाइल बाजूला ठेवला. मग म्हणाली, आई, मी लहान असताना मले दम लागे तेव्हा तू काय देत होती? कांताबाई म्हणाली, तेव्हा तुझं सारं दवाखान्यातलंच होतं, शपथ घेऊन सांगते. पिंकी म्हणाली, शपथ नको घेऊ. आणि आत निघून गेली.

गुरुवारी कांताबाई डॉक्टरांसमोर बोलली. गोळीचं नाव, डोस, किती वर्षं, मधेच निम्मी केली ते, सगळं नर्सनं ड्युटी सोपवताना सांगावं तसं क्रमानं सांगितलं. डॉक्टर वेदिकांनी पेन खाली ठेवलं.

"मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, काकू. मागच्या वेळी परत विचारलं."

"हो."

"गावातली एखादी अडाणी बाई असती तर मी समजले असते."

डॉक्टर आणखी रागावल्या असत्या तर कांताबाईला बरं वाटलं असतं. पण त्यांनी फाईल पुढं ओढली. त्या म्हणाल्या की आता निर्णय बदलतो. लस या शरीरात लागत नाही असं आता म्हणता येणार नाही, कारण तिला लागूच दिलं नव्हतं. आणखी एक खेप देऊन बघायला हरकत नाही. आधी फिजिशियनच्या देखरेखीखाली गोळी साडेसातवर न्यायची आणि मग सावकाश पाचवर आणायची. पाचवर आली की लस सुरू, पुढं लसीसोबत ती आणखी उतरवत न्यायची. मधे चट्टा वाढला तर मात्र थांबायचं नाही, सरळ ऑपरेशन.

कांताबाईनं तेवढ्यात विचारून घेतलं, हे माझ्या गोळीमुळंच झालं ना? हो म्हणा, असंच जणू ती म्हणत होती. डॉक्टर म्हणाल्या, ते मी सांगू शकत नाही. गोळी नसती तरी कदाचित हेच झालं असतं. अनेकांना लस लागत नाही, त्यांनी कोणती गोळी घेतलेली नसते. किंवा असेलही तुमच्यामुळं. हे आता कोणालाच नक्की कळणार नाही. ना दोषी, ना सुटका. हे ओझं उतरवायला कोणतं ठिकाणच नव्हतं.

निघताना डॉक्टरांनी विचारलं, घरी गोळ्या मोजून कोण देईल? रोजची रोज, अर्धीसुद्धा इकडंतिकडं व्हायला नको. कांताबाईचं तोंड उघडलं होतं. एकतीस वर्षं हेच तर काम.

"पिंकी देईल," बळीराम म्हणाला.

तसंच झालं. पट्टी पिंकीच्या पर्समध्ये राहायची. सकाळी ती बापाच्या हातावर गोळी ठेवायची आणि मग मिहानची बस पकडायची. त्या वेळी कांताबाई स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी असायची आणि पोळी उलटायचं विसरायची. बळीराम तिच्याशी बोलायचा, भाजी चांगली झाली म्हणायचा, पेपरमधलं वाचून दाखवायचा. पण अंग दुखलं तर पिंकीला सांगायचा. तापमापीसुद्धा तिच्याकडूनच मागून घ्यायचा.

तिसऱ्या आठवड्यात पिंकीला सकाळची शिफ्ट लागली. पहिल्याच दिवशी घाईघाईत ती पट्टी टेबलावर ठेवून निघून गेली. बळीराम उठला, चहा घेतला, पट्टी उलटीपालटी करून पाहिली. ती इंग्रजीत होती आणि इंग्रजी त्याला येत नव्हतं. कांताबाई दारात आली आणि तिथंच थांबली. पुढं यावं की नाही तिला कळेना. त्यानंच हाक मारली.

"कांता, इकडं ये. हे वाच."

तिनं चष्मा शोधून आणला. पट्टी हातात घेतली. "प्रेडनिसोलोन," ती म्हणाली.

"पुढं."

"पाच मिलिग्रॅम."

"कायची असते ही?"

तिनं पट्टीवरून नजर काढून त्याच्याकडं पाहिलं. "स्टेरॉईडची."

"किती घ्याची आहे?"

"एक अख्खी आणि एक अर्धी."

बळीरामनं तळहात पुढं केला. तिनं गोळ्या काढून त्याच्या हातावर ठेवल्या आणि त्यानं त्या तिच्यासमोर पाण्यासोबत गिळल्या. मग पेपर उघडत तो म्हणाला, "उद्याही वाचजो. रोज वाचजो. मी ऐकल्याशिवाय घेणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी पिंकी अजून निघाली नव्हती, तरी त्यानं कांताबाईलाच बोलावलं.